इजिप्तचे साठे

७ सप्टेंबर, रविवार. अर्विंग, टेक्सास. संध्याकाळ.

आज एक शोध लागला. मला लागला. हे आधी लिहून ठेवतो, नंतर वाद नकोत.

झालं असं. वसुधाला लायब्ररीतून म्युझियमचे फुकट पास मिळाले होते, म्हणून डॅलसला गेलो. ममीबिमीत मला इंटरेस्ट नाही. पण म्युझियमचा एसी चांगला असतो, आणि चांगला एसी कुठे चालू असला की मी जातो. इजिप्तच्या दालनात एका कोपऱ्यात काचेमागे हिरवट दगडाचं मांजर. खाली पाटी. पाटीवर: साठे पिरियड.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. स्पेलिंग एस-ए-आय-टी-ई. आपलं एस-ए-टी-एच-ई. एच गेला, आय आला. आता या देशात बेचाळीस वर्षांत माझं आडनाव कोणी धड लिहिलेलं नाही. इन्शुरन्सवाल्यांनी साठी केलं, शेजारी सेथ म्हणतात, कॉफीच्या दुकानात कपावर सेठ येतं. तेव्हा मांजराच्या पाटीवर एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर त्यात विशेष काय. उलट इतक्या जवळ आजवर कोणी आलं नव्हतं.

दालनात एक बाई लोकांना माहिती सांगत होत्या. 'से-आइट' असं काहीतरी म्हणत होत्या. मी उच्चार दुरुस्त करून दिला. ठ तीनदा म्हणून दाखवला. त्या हसून म्हणाल्या, हाउ इंटरेस्टिंग. म्हणजे म्युझियमने तत्त्वतः मान्य केलं.

वसुधा म्हणाली, अहो, आधी डिक्शनरीत अर्थ तरी बघा. मी सांगितलं, स्वतःच्या आडनावाचा अर्थ लोकांच्या डिक्शनरीत बघायची वेळ अजून आलेली नाही.

८ सप्टेंबर, सोमवार.

हे आत्ताच का महत्त्वाचं, ते लिहितो.

कुलवृत्तांत. आमच्या साठे घराण्याचा जाडजूड ग्रंथ. सगळ्या पिढ्या, सगळ्या शाखा, कोण कुठे जन्मला, काय शिकला, कोणाशी लग्न केलं. मागच्या आवृत्तीत पान ३१२ वर मी आहे. माझी नोंद पूर्ण देतो: 'राजाराम: बी. ई. (मेकॅनिकल). अमेरिकेत असतात.' संपलो. बेलव्ह्यूच्या नरेंद्र साठ्याला त्याच आवृत्तीत अर्धं पान आणि फोटो. फोटोत सूट.

आता नोव्हेंबरमध्ये उत्तर अमेरिकेतल्या साठ्यांचं कुलसंमेलन आहे, आमच्याच गावात, हायवेलगतच्या हॉटेलात. त्यानंतर कुलवृत्तांताची पुरवणी निघणार. संपादक कोण, तर नरेंद्र.

मी जन्मभर एअर कंडिशनिंगचं काम केलं. डॅलसमध्ये निदान तीसेक ऑफिसांत लोक माझ्यामुळे थंड बसलेले आहेत. पण थंड हवेवर कोणी नाव कोरत नाही. आपल्यामागे 'असतात' एवढंच राहणार, याचं वाईट वाटतं. वाटतं ते लिहितो, कोण वाचतंय.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. इजिप्तची चित्रलिपी, रोज एक अक्षर. साखर बंद. संमेलनात शोधनिबंध.

९ सप्टेंबर. सकाळी ८.४०.

अलार्म वाजला असणार. फोन वसुधाच्या बाजूला होता.

चित्रलिपीचं पहिलं अक्षर: पक्षी. जमलं.

१० सप्टेंबर.

दुसरं अक्षर पण पक्षीच निघालं. ही लिपी शिकवायची पद्धत सदोष आहे. सध्या वाचनावर भर.

१३ सप्टेंबर, शनिवार.

लायब्ररीतून पुस्तक आणलं. पुरावाच पुरावा आहे.

साठे पिरियड म्हणजे इजिप्तचं सव्विसावं राजघराणं. इसवी सनापूर्वी ६६४ ते ५२५. पहिला मोठा राजा प्साम्तिक. सामंत. उघड आहे. पुढचा नेको, म्हणजे नेने. मग अप्रीस. यावर बराच विचार केला. आपटे. म्हणजे तिथेही आपटे आमच्या मागूनच आले.

आणि स्वभाव बघा. पुस्तक म्हणतं, या काळातले कारागीर दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तींची हुबेहूब नक्कल करायचे, नवीन काही नकोच म्हणायचे. हे आमचंच रक्त. गॅरेजमध्ये लग्नातला मिक्सर आहे. चालत नाही, पण आहे.

५२५ मध्ये इराण्यांनी यांना हरवलं. मग साठे गेले कुठे? पुस्तक गप्प. मला माहीत आहे. गुहागरला.

वसुधाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुस्तकाच्या शेवटी शब्दांचे अर्थ दिलेत, ते बघितलेत का? मी म्हटलं, शेवट आधी वाचायची मला सवय नाही.

साखर: चहात फक्त. चहा गोड नसेल तर संशोधन होत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार.

म्युझियमला ईमेल पाठवली. आधी मराठीत लिहिली, कारण विषय भारदस्त आहे. मग वेळ वाचवायला फोनकडून इंग्रजी करून घेतली. पाठवल्यावर वाचली. फोनने साठ्यांचे 'स्टॉक्स' केले आहेत. 'आमचे साठे फार प्राचीन आहेत, त्यांची योग्य दखल घ्यावी' याचं जे काय झालं ते झालं. शास्त्रज्ञ लोक मथितार्थ बघतात.

२३ सप्टेंबर.

उत्तर आलं. अत्यंत सन्मानपूर्वक. पहिल्या परिच्छेदात लिहिलंय की म्युझियम जुन्या मालाची किंमत सांगत नाही किंवा तो विकत घेत नाही. दुसऱ्यात: से-आइट हे विशेषण सैस या शहरावरून आलं. नाइलच्या मुखाजवळचं शहर. ती त्या राजांची राजधानी.

वसुधा म्हणाली, झालं मग. मी म्हटलं, हो ना, झालंच. साठ्यांनी शहरसुद्धा वसवलं होतं. हे मला माहीत नव्हतं, ते त्यांनी आपणहून दिलं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. कौतुकाने असावं.

२७ सप्टेंबर, शनिवार.

अनिकाशी करार. अनिका आमची नात, यशोधनची मुलगी, इथेच पलीकडे प्लेनोला राहते. तिला लर्नर्स परमिट मिळालंय, पण शेजारी मोठं माणूस बसल्याशिवाय चालवता येत नाही, आणि यशोधनला वेळ नाही. मी शेजारी बसणार, ती माझ्या स्लाइड्स करणार. शिवाय माझी एक अट. पोरगी स्वतःचं आडनाव 'सेथ' सांगते. शाळेत कोणाला जमत नाही म्हणून आपणच सोडून दिलंय. तेव्हा प्रत्येक स्टॉप साइनला गाडी थांबली की एकदा ठ म्हणायचा.

आज बऱ्याच स्टॉप साइन्स झाल्या. ठ एकही झाला नाही. थ, ट, आणि एकदा शिंक.

संमेलनाला येशील का विचारलं. म्हणाली, आजोबा, आय डोन्ट नो एनीबडी देअर. मी म्हटलं, सगळे साठेच आहेत. ती म्हणाली, एग्झॅक्टली.

४ ऑक्टोबर.

नरेंद्रला फोन. पंचेचाळीस मिनिटांचं बीजभाषण मागितलं. तो म्हणाला, बीजभाषण त्याचं स्वतःचंच आहे, 'ग्लोबल साठे' या विषयावर. मला जेवणानंतर दहा मिनिटं, उखाण्यांच्या आधी.

मोक्याची जागा दिली. जेवणानंतर कोणी उठून जात नाही.

विषयाचं नाव विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, राजाभाऊ, नक्की बघितलंय ना? मत्सर माणसाला कसा पोखरतो, ते प्रत्यक्ष ऐकलं.

८ ऑक्टोबर.

स्लाइड नंबर दोन मी स्वतः रचली. आडनावांचे प्रकार. त्यात ठणकावून लिहिलंय की काही आडनावं खरी आडनावं असतात आणि काही नुसते पत्ते. गावाच्या नावाला कर लावला की झालं. अमुककर, तमुककर. त्याला आडनाव म्हणत नाहीत, त्याला पोस्टमनची सोय म्हणतात. 'साठे' मात्र स्वयंभू.

वसुधाला दाखवली. वसुधा माहेरची मुरुडकर.

१० ऑक्टोबर.

अजून बोलत नाही. आमटीला मीठ नव्हतं. तसं बोलून दाखवलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार.

ड्रायव्हिंग. अनिका चालवते बरी, पण माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबून दाबून दुखतो. ती गाडीत म्हणाली, आजोबा, स्लाइड नाइनबद्दल बोलायचंय, मी मीनिंग लुकअप केलं. तेवढ्यात समोर ट्रक. मी ब्रेक ब्रेक ओरडलो. नंतर विषय राहून गेला.

एकूण दहा स्लाइड्स झाल्या म्हणे. मी आठच सांगितल्या होत्या. मुलगी रमली आहे विषयात.

संकल्प: रोज एकदा पूर्ण रिहर्सल, उभं राहून, आरशासमोर.

१२ ऑक्टोबर.

रिहर्सल. स्लाइड तीनपर्यंत. आरशात दाढी करायची राहिलेली दिसली, ती केली.

१४ ऑक्टोबर.

स्लाइड पाचपर्यंत. आपट्यांच्या मुद्द्यावर स्वतःलाच हसू आलं, थांबावं लागलं. असा परिणाम हॉलमध्ये झाला पाहिजे.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

चार कुटुंबं फराळाला होती. थोडक्यात शोध सांगितला. सगळे इतके विचारात पडले की साडेसातलाच घरी गेले.

साखर: सण आहे.

वसुधा आता बोलते. आज चकली तळताना म्हणाली, तुम्ही फार खुशीत आहात, म्हणून काही म्हणत नाही. फक्त पोरगी काय सांगतेय ते एकदा ऐका. मी म्हटलं, ऐकतो. लगेच अनिकाला फोन केला. व्हॉइसमेल. म्हणजे माझ्याकडून झालं.

१ नोव्हेंबर, शनिवार.

अनिकाने आज गाडी पार्क करून मगच तोंड उघडलं. म्हणाली, स्लाइड नाइन प्लीज वाचा, तुम्हाला आवडणार नाही, पण इट्स द ट्रू मीनिंग, आणि मला वाटतं इट्स बेटर. मी म्हटलं, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. आणि खरंच आहे. नातीने केलेलं काम आजोबाने तपासायचं म्हणजे काय.

ती संमेलनाला येणार आहे. स्लाइड्स बदलायला कोणीतरी लागेल, असं म्हणाली. मला फार आनंद झाला. ठ अजून नाही.

५ नोव्हेंबर.

रिहर्सल स्लाइड सातपर्यंत. उरलेल्या तीन उत्स्फूर्त. जास्त तयारीने भाषण शिळं होतं.

निळा कोट काढला. घट्ट होतोय. ड्राय क्लीनरने आटवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

उद्या. पाचला उठून शेवटची पूर्ण रिहर्सल. आता हयगय नाही.

८ नोव्हेंबर. सकाळी ९.१५.

कार्यक्रम दहाला. निघतोय.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

काल लिहिलं नाही. आज लिहितो, शांतपणे.

हॉल भरलेला. बायका नऊवारीत, पुरुष फेट्यात. फेटे बांधायला येत नसल्यामुळे तयार मागवलेले, एकाच मापाचे. माझा कपाळावरून नाकावर येत होता. नरेंद्रचं 'ग्लोबल साठे' एक तास चाललं. मग जेवण: मसालेभात, अळूची भाजी, दोन प्रकारची श्रीखंडं. मग मी.

सुरुवात उत्तम. मांजराच्या स्लाइडला टाळी. दोन नंबरला, 'कर म्हणजे पोस्टमनची सोय' म्हटल्यावर पुरुष हसले, बायकांकडून फारसा आवाज आला नाही. सामंत, नेने, आपटे यांवर मागून शिट्टी आली. गुहागरला तर लोक टेबलं वाजवायला लागले. मला वाटलं, आता अर्धं पान नक्की. फोटो कुठला द्यायचा, हेसुद्धा त्या क्षणी डोक्यात येऊन गेलं.

मग मी म्हटलं, नेक्स्ट. नववी स्लाइड आली.

स्लाइडवर दोनच ओळी होत्या. वर मांजराच्या पाटीवरचं ते स्पेलिंग. खाली बरोबरचं चिन्ह, आणि मराठीत, अनिकाच्या हातचं: सैसकर.

मी स्लाइडकडे बघितलं, अनिकाकडे बघितलं. ती लॅपटॉप सोडून माझ्याजवळ आली, माझ्या हातातून माइक घेतला. आधी वाटलं, पळून जाईल. ती म्हणाली, "हाय. आय ॲम अनिका साठे."

ठ. स्वच्छ ठ. जीभ टाळूला लागून सुटलेला, श्वासासकट. मी ऐकला.

पुढचं तिने अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगितलं. सैस हे गाव. तिथले ते से-आइट, जसे डॅलसचे डॅलसाइट. "आजी मुरुडची, म्हणून मुरुडकर. हे सैसचे, म्हणून सैसकर. सो द किंग्ज ऑफ इजिप्त वेअर ऑन आजीज साइड."

हशा असा उठला की वेटर आत बघून गेले. सगळ्या सुना हसत होत्या. लक्षात आलं, निम्म्या माहेरच्या करच आहेत. एक बाई उभ्या राहून म्हणाल्या, आम्ही कोल्हटकर, आम्हाला इजिप्तमध्ये काय मिळेल? वसुधा दुसऱ्या रांगेत होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. बेचाळीस वर्षांत तिला इतकं हसताना मी दोनदा बघितलंय. दुसरी वेळ काल.

मग दहावी स्लाइड. मागच्या वर्षीच्या दिवाळीचा आमचा फोटो, मी आणि वसुधा, मागे तो लग्नातला मिक्सर. अनिका म्हणाली, त्या काळचे लोक खूप जुन्या काळाची कॉपी करायचे, जो त्यांनी कधी बघितलाच नव्हता. मला आधी फनी वाटलं. मग आज हॉलमध्ये आले, सगळ्यांचे फेटे बघितले. त्यांना कशाची तरी आठवण येत असणार, आय थिंक. म्हणून आजोबा पूर्ण रॉंग नाहीत.

टाळ्या तिला. मीही वाजवल्या. हॉटेलचा एसी भलताच जोरात होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. मापं चुकलेली असावीत त्या यंत्रणेची.

उखाणे झाले. ज्यांना ज्यांना माहेरचं कर होतं, त्यांनी उखाण्यात सैस घातलं. मी निळा कोट काढून बसलो.

परतताना गाडी अनिकाने चालवली. मी एकदाही ब्रेक दाबला नाही. एवढंच म्हटलं की पहिल्या ओळीतला ठ चांगला होता. ती म्हणाली, आय प्रॅक्टिस्ड. विचारलं, कुठे? म्हणाली, इन द शॉवर.

१० नोव्हेंबर, सोमवार.

शांतपणे विचार केला. पराभव नाही. मूळ कल्पना माझी होती. चर्चा झाली, ती माझ्यामुळे झाली. शास्त्रात याला योगदान म्हणतात.

वसुधाला सॉरी म्हटलं, मुरुडकरांबद्दल. ती म्हणाली, नुसता पत्ता का असेना, बरोबर होता ना, माझ्यापर्यंत पोचलात तुम्ही. काय म्हणायचं होतं ते कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं.

आमटी उत्तम.

२३ नोव्हेंबर, रविवार.

नरेंद्रचा मेसेज. पुरवणीचं काम सुरू झालंय. मी विचारलं नव्हतं तरी स्वतःहून लिहितो: 'राजाभाऊ, तुमच्या नोंदीत इजिप्तचा उल्लेख आवर्जून करतोय.'

नरेंद्रबद्दल मी उगाच वाईट बोलत होतो. मोठ्या मनाचा माणूस आहे. सूटमधला एक फोटो शोधून ठेवला, त्याला लागला तर. वसुधाला सांगितलं, शेवटी कामाची दखल होते. ती म्हणाली, आधी येऊ दे. हिला सगळ्यात आधी शंका.

संकल्प: पुरवणी आली की पाच प्रती. एक म्युझियमला.

१३ डिसेंबर, शनिवार.

पुरवणीची पीडीएफ आली.

आधी अनिका सापडली. सहा ओळी आणि फोटो. माइक हातात, तोंड उघडं, बहुधा तो ठ चाललाय. फोटोच्या कडेला निळ्या कोटाचा एक खांदा आहे. तो माझा आहे. झूम करून खात्री केली.

मग माझी नोंद. पूर्ण देतो.

'राजाराम: बी. ई. (मेकॅनिकल). अमेरिकेत असतात. इजिप्तशी संबंध नाही.'

वसुधाला वाचून दाखवलं. चष्मा लावून तिने स्वतः एकदा वाचलं, आणि म्हणाली, वाढली की एक ओळ.